इंजिन ०.०० दाखवतं, तरी मी हरतो: धारदार ओपनिंगचा अभ्यास कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुद्धिबळातलं रेटिंग १७०० च्या आसपास. काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन नायडॉर्फ हे ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, त्यातही ‘पॉयझन्ड पॉन’, म्हणजे बी२ वरचं विषारी प्यादं खाणारी लाइन. इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम, डेप्थ (खोली) ३५ ला ०.०० म्हणजे बरोबरी दाखवतं (+ म्हणजे पांढरा वरचढ) आणि मुख्य लाइन विसाव्या चालीपर्यंत पाठ आहे. तरीही गेल्या स्पर्धेत या ओपनिंगमध्ये तीन डाव हरले. एका प्रतिस्पर्ध्याने तर तेराव्या चालीला इंजिनच्या पहिल्या पसंतीची चाल सोडून साधा उंट ई२ खेळला, आणि तिथून पुढे काही सुचलंच नाही. मग इंजिन नक्की वापरायचं कसं? कुठलं इंजिन, किती डेप्थ, किती वेळ?

तुमची मेहनत कमी पडलेली नाही. तुम्ही इंजिनला फक्त ‘किती?’ एवढंच विचारलंत, अडचण तिथे आहे. शांत पोझिशनमध्ये या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ काही सांगून जातं. धारदार पोझिशनमध्ये मात्र विचारायचं असतं ते असं: हा निकाल टिकवायला माझ्याकडे किती चाली आहेत, समोरच्याकडे किती आहेत, आणि त्यातल्या किती चाली माणसाला पटावर बसून सुचतील? मी बरीच वर्षं कॉरस्पॉन्डन्स बुद्धिबळ खेळतोय, म्हणजे एका चालीला कित्येक दिवस मिळतात आणि इंजिन वापरायला परवानगी असते असा प्रकार. शिवाय समोरासमोर खेळणाऱ्या मुलांची ओपनिंगही तयार करून घेतो. पहिल्या प्रकारात आकडा उपयोगी पडतो, कारण पुढची चालही इंजिनला विचारून खेळायची असते. दुसऱ्या प्रकारात आकड्याच्या भरवशावर बसलेला मुलगा चौदाव्या चालीला एकटा पडतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या दिवशी मी आकडा झाकूनच ठेवतो.

तुमचीच लाइन घेऊ. (रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा, अक्षर नसेल तर प्यादं; × म्हणजे मारणं, + म्हणजे शह.) १. ई४ सी५ २. घो एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ घो एफ६ ५. घो सी३ ए६ ६. उं जी५ ई६ ७. एफ४ व बी६ ८. व डी२ व×बी२ ९. ह बी१ व ए३ १०. एफ५ घो सी६ ११. एफ×ई६ एफ×ई६ १२. घो×सी६ बी×सी६ १३. ई५ डी×ई५ १४. उं×एफ६ जी×एफ६ १५. घो ई४ व×ए२ १६. ह डी१ उं ई७ १७. उं ई२ आणि दोघांचाही किल्लेकोट.

इथे पट मांडा आणि इंजिन बंद ठेवा. काळ्याकडे तीन प्यादी जास्त आहेत, दोन उंटांची जोडी आहे. पण राजासमोर जी-पट्टी सताड उघडी आहे, वजीर लांब ए२ वर, आणि ए८ चा हत्ती व सी८ चा उंट अजून घरातून हललेले नाहीत. पांढऱ्याचा बेत कुणालाही दिसेल: हत्ती एफ३, तिथून जी३, वजीर एच६, जी७ वर मात. काळ्याने काय करायचं?

मुख्य लाइनमध्ये काळा खेळतो १८... ह ए७. पहिल्यांदा ही चाल बघितली की वाटतं, घराला आग लागलेली असताना हा माणूस मागच्या अंगणात काय करतोय? पण नीट बघा. ए७ वरून हत्ती सातव्या आडव्या रांगेत बघतो. ई७ च्या उंटाला आधार मिळतो, आणि पुढच्याच चालीला हत्ती डी७ वर येऊन पांढऱ्याच्या डी२ च्या वजिराला आणि त्यामागच्या डी१ च्या हत्तीला भिडतो. आता पुढे: १९. ह एफ३ ह डी७ २०. ह जी३+ रा एच८ २१. व एच६ ह एफ७ २२. व एच५ ह×डी१+ २३. उं×डी१ व ए५!

हा वजीर ए५ बघा. एफ७ चा हत्ती मारला जाणार आहे, पांढरा वजीर राजाच्या डोक्यावर उभा आहे, आणि काळा आपला वजीर ए२ वरून ए५ वर नेतो, ई१ वर मात करण्याची धमकी देत. २४. रा एफ१ व डी८! पुन्हा हत्ती वाचवायचा नाहीच, डी१ च्या उंटावर नजर ठेवायची. २५. व×एफ७ व×डी१+ २६. रा एफ२ व×सी२+ २७. रा ई३ उं सी५+! उंटही देऊन टाकायचा, कारण एक चाल जरी शहाविना गेली तरी मात आहे. २८. घो×सी५ व×सी५+ २९. रा डी२ व एफ२+ ३०. रा सी३ व डी४+ आणि शहांची माळ संपत नाही. बरोबरी. मास्टर मंडळींच्या डावांत ही बरोबरी पुन्हा पुन्हा आलेली आहे.

तुम्हाला दिसलेलं ०.०० हे असं आहे. डोंगराच्या कड्यावरून जाणारी एक पाऊलवाट, आणि तिच्यावर ह ए७, व ए५, व डी८, उं सी५ ही चार पावलं अशी की एक चुकलं तर खाली दरी. पांढऱ्याने मात्र याच लाइनमध्ये हत्ती जी३ ला आणला, वजीर एच६ ला नेला. कुणालाही सुचतील अशा चाली. दोन्ही बाजूंना आकडा एकच आणि काम किती वेगळं! म्हणून मी मुलांना तीन शून्यं वेगळी करायला शिकवतो. पहिलं मेलेलं शून्य: मोहरी संपली, प्यादी अडकली, कुणीही काहीही खेळा. दुसरं पाऊलवाटेचं शून्य, जे वर बघितलं. तिसरं जिवंत शून्य: दोघांकडे चार-चार चांगल्या चाली आहेत, डाव कुठेही जाऊ शकतो आणि जो जास्त समजून खेळेल तो जिंकेल. तुमच्या पातळीवर तयारी शोधायची ती तिसऱ्या शून्याची. दुसरं शून्य घ्यायचं असेल तर पाऊलवाटेचा दगड न् दगड माहीत हवा.

इंजिन हा फरक सांगत नाही का? सांगतं, पण विचारावं लागतं. सगळ्यात सोपी सोय म्हणजे एकाच वेळी अनेक लाइन दाखवणं, मल्टिपीव्ही. एकच लाइन चालू ठेवून बसायचं नाही. निदान चार ठेवा. मग वरचा आकडा सोडून पहिल्या आणि दुसऱ्या चालीतलं अंतर बघा. पहिली चाल ०.०० आणि दुसरी थेट हरणारी, म्हणजे तिथे एकच चाल आहे. ती ठळक लिहून ठेवा, तिचं कारण शोधा. पहिल्या चारही चाली ०.०० ते ०.३० मध्ये असतील तर तिथे पाठांतराची गरजच नाही, समज पुरते. एका लाइनमध्ये दोन्ही बाजूंना अशा ‘एकुलत्या चाली’ किती येतात ते मोजलंत की ती लाइन कुणाला खेळायला अवघड आहे याचा अंदाज पंधरा मिनिटांत येतो. हे एक काम नियमित केलंत तरी तुमच्या तयारीचा पोत बदलेल.

डेप्थबद्दल. डेप्थ ३५ म्हणजे इंजिनने ३५ अर्ध्या चालींपर्यंत सगळं बघितलं असं बिलकुल नाही. स्टॉकफिशसारखं इंजिन झाडाच्या बहुतेक फांद्या छाटत जातं. ज्या चाली त्याला आधी बऱ्या वाटतात त्या खोल बघतं. यादीत मागे पडलेल्या शांत चाली कमी खोलीवर बघून पुढे सरकतं, आणि तिथे काही आशादायक दिसलं तरच परत येऊन खोल जातं. यामुळेच ते इतकं जोरकस आहे. पण धारदार पोझिशनमध्ये कधीकधी नेमकी एखादी शांत, माघारी येणारी चालच सगळं उलटवते, आणि ती उशिरा वर येते. शिवाय एका लाइनवर गाठलेली डेप्थ ३० आणि पाच लाइनवर गाठलेली डेप्थ ३० यांसाठी लागणारा वेळ सारखा नाही, आणि दोन वेगळ्या इंजिनांच्या डेप्थची तर तुलनाच होत नाही. तेव्हा ‘किती डेप्थ?’ याला माझं उत्तर असं की आकडा स्थिर झाला का ते बघा. दोन-तीन मिनिटं पहिली चाल आणि मूल्यांकन हललं नाही तर पुढे चला. हलत असेल तर तिथे काहीतरी लपलंय. चहाला उठा आणि त्याला तासभर चालू द्या.

शांत चालींचा विषय निघालाच आहे तर याच लाइनमधला एक जुना डाव. १९७२, रेक्याविक, जगज्जेतेपदाचा सामना, स्पास्की विरुद्ध फिशर, अकरावा डाव. स्पास्कीने ९. घो बी३ खेळला आणि चौदाव्या चालीला दुसरा घोडा सी३ वरून परत बी१ ला, जन्मघरी नेला. ए३ वरच्या वजिरावर हल्ला! फिशरच्या वजिराला त्यानंतर धड घर मिळालं नाही, शेवटी तो बी५ वर पडला आणि ३१ चालींत डाव संपला. पोरं विषारी प्यादं खायला निघाली की मी हा डाव आधी दाखवतो, कारण या लाइनमधला काळ्याचा खरा प्रश्न तो आहे: आपला वजीर परत घरी कसा येणार? इंजिनचा कुठलाही आकडा ही काळजी तुमच्या मनात रुजवणार नाही.

आता पद्धत, जशी मी स्वतः करतो तशी.

पहिली वीस मिनिटं इंजिन बंद. पोझिशन मांडून माझं मत कागदावर लिहितो: कोण बरा, धमक्या काय, माझ्या मनातल्या तीन चाली कुठल्या. ही पायरी लोक टाळतात, आणि तिथेच सगळं जातं. स्वतःचं मत नसेल तर इंजिनने ते चुकीचं ठरवण्याचा अनुभव येत नाही, आणि तो अनुभव आला नाही तर चाल लक्षात राहत नाही. गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी सुरुवातीची कित्येक वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं, २५०० च्या आसपास पोहोचेपर्यंत, हे आता सर्वांना माहीत आहे. पुढे २०२४ मध्ये तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. प्रत्येकाने तसंच करावं असं माझं म्हणणं नाही. ज्याला आठवड्यात दोनच संध्याकाळी मिळतात त्याने इंजिनची मदत जरूर घ्यावी. पण वीस मिनिटं प्रत्येकाकडे असतात.

मग इंजिन चालू, चार लाइन. माझ्या तीन चालींपैकी एखादी यादीत नसेल तर मी ती पटावर स्वतः खेळतो आणि इंजिनने तिला कसं मोडलं ते बघतो. हे फार महत्त्वाचं आहे. तुम्हाला जी चाल सुचली तीच तुमच्या प्रतिस्पर्ध्यालाही सुचणार. इंजिनला ती वाईट वाटते म्हणून ते तुम्हाला तिचं उत्तर आपणहून दाखवणार नाही. तुमचा तो डाव नेमका इथे गेला. तेराव्या चालीला ई५ सगळ्यांत वर दिसत होती म्हणून तुम्ही उंट ई२ बघितलीच नाही. वास्तविक १३. उं ई२ ही जुनी, सन्मानाची लाइन आहे: १३... उं ई७ १४. किल्लेकोट, काळ्याचाही किल्लेकोट, १५. ह बी३ व सी५+ १६. उं ई३ व ई५ १७. उं एफ४ व सी५+ आणि पांढऱ्याने उंट परत ई३ वर आणला तर चाली पुन्हा पुन्हा येतात. वजिराला ए३ वरून बाहेर काढण्याची ही सी५–ई५ ची वाट एकदा कळली की ती दुसऱ्या लाइनमध्येही कामी येते. इंजिनच्या पहिल्या पसंतीच्या शेपटामागे वीस चाली धावण्यापेक्षा हे शंभरपट मोलाचं.

पुढची पायरी: धमकी विचारा. इंजिनला ‘मी माझी चाल सोडली आणि समोरचाच पुन्हा खेळला तर?’ असं विचारता येतं. बहुतेक प्रोग्राममध्ये तशी सोय असते. लिचेस या संकेतस्थळावर विश्लेषण करताना एक्स ही कळ दाबली की समोरच्याची धमकी दिसते. धारदार पोझिशनमध्ये इंजिनची चाल अगम्य वाटली की मी आधी हेच करतो. दहातल्या सात वेळा कळतं की ती चाल हल्ल्याची नसून मला न दिसलेली धमकी थोपवणारी होती.

नंतर पुढे जाऊन मागे येणं. इंजिन दाखवतं ती लांबलचक लाइन शेवटाकडे भुसभुशीत असते: पहिल्या चाली तपासून घेतलेल्या, शेवटच्या पाच-सात जवळजवळ वरवरच्या. म्हणून मी त्या लाइनवरून दहा-बारा चाली पुढे जातो, तिथे इंजिनला काही मिनिटं देतो, मग एकेक चाल मागे येतो आणि प्रत्येक ठिकाणी आकडा बदलतो का बघतो. इंजिनच्या स्मृतीत, म्हणजे हॅश टेबलमध्ये, पुढचं ज्ञान साठलेलं असतं. ते मागे येताना वापरलं जातं. त्यासाठी हॅश मोठा ठेवा. संगणकाला झेपत असेल तर दोन-चार जीबी. कितीतरी वेळा असं झालंय की मुळात +०.४ दाखवणारी पोझिशन पुढे जाऊन मागे आल्यावर ०.०० झाली, किंवा उलट. ब्राउझरमधल्या इंजिनला स्मृती मर्यादित असते, त्यामुळे हे काम शक्यतो संगणकावर बसवलेल्या इंजिनवर करा.

मी स्वतः यात पोळलोय. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी ड्रॅगनविरुद्ध (सिसिलियनचाच एक प्रकार) एक लाइन तयार केली होती. वहीत लिहिलं होतं: ‘+१.८, पांढरा जिंकतो.’ डावात प्रतिस्पर्ध्याने सतराव्या चालीला जी चाल खेळली ती माझ्या फाइलमध्ये नव्हती. घड्याळातली चाळीस मिनिटं गेली, उत्तर सापडलं नाही, आणि मी घाबरून वजिरांची अदलाबदल केली. घरी येऊन बघितलं तर इंजिन त्या चालीला +३ देत होतं. म्हणजे चाल वाईट होती! पण ती खोडून काढायला हत्तीचा बळी द्यायचा, मग एक राजाची शांत चाल, मग पुन्हा बळी, असा मार्ग होता. तेव्हापासून माझ्या फाइलमध्ये ‘+१.८’ असं काही नसतं. तिथे वाक्य असतं: ‘एच-पट्टी उघडली की घोडा डी५, सी३ वर हत्तीने मारलं तर घाबरू नको, बी-प्याद्याने घे.’

आकड्याचं आणखी एक. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, +१.०० याचा अर्थ ‘एका प्याद्याइतका फायदा’ असा राहिलेला नाही. आता तो असा बांधलाय की +१.०० ला स्टॉकफिशने स्वतःविरुद्ध खेळताना जिंकण्याची शक्यता निम्मी असावी. दोन्ही बाजूंना स्टॉकफिश! तुम्ही आणि तुमचा १७०० चा प्रतिस्पर्धी त्या हिशेबात नाहीच. जुन्या पुस्तकात दिलेला आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका.

कुठलं इंजिन? स्टॉकफिश मुख्य ठेवा. ते फुकट आहे, आणि सप्टेंबर २०२० मधल्या १२ व्या आवृत्तीपासून त्याच्या मूल्यांकनात न्यूरल नेटवर्क आलं आहे, त्यामुळे आधीची ‘इंजिनला फक्त प्यादी मोजता येतात’ ही तक्रार आता बरीचशी जुनी झाली. जोडीला लीला चेस झीरो ठेवता आलं तर उत्तम, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. लीलाचा वंश वेगळा. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिशविरुद्ध शंभर डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरी असा निकाल लावला; त्या पद्धतीवरून लीला उभं राहिलं. ते झाडाच्या कमी फांद्या बघतं, पण कुठल्या बघायच्या हे ‘अनुभवातून’ ठरवतं. खोल, अरुंद डावपेचात स्टॉकफिशवर जास्त विश्वास ठेवा. प्याद्याच्या बदल्यात दीर्घकाळचा दबाव मिळतो का, अशा प्रश्नात लीलाचं मत विचारा. दोघांचं एकमत असेल तर पुढे चला. मतभेद असतील तर तिथे थांबा, कारण तयारी करण्यासारखी जागा तीच असते.

लीलाचा आणखी एक उपयोग आहे. ते विजय-बरोबरी-पराभव अशी तीन टक्केवारी दाखवतं. ०.०० च्या आसपासची एक पोझिशन बहुतेक सगळी बरोबरीची असते, तर दुसरीत जिंकणं आणि हरणं दोन्हीचा वाटा मोठा असतो. वर सांगितलेलं मेलेलं शून्य आणि जिवंत शून्य असं वेगळं दिसतं. स्टॉकफिशही ही टक्केवारी दाखवतं, पण ती त्याच्याच आकड्यावरून आणि पटावरच्या मोहऱ्यांवरून काढलेली असते, त्यामुळे पोझिशन किती स्फोटक आहे हे तिच्यातून कळत नाही.

माणूस कुठे चुकतो हे मात्र दोन्ही इंजिनं सांगू शकत नाहीत. त्यासाठी माणसांच्या डावांकडे जावं लागतं. स्टॅफर्ड गँबिट (प्यादं देऊन हल्ला मिळवायचं ओपनिंग) घ्या: १. ई४ ई५ २. घो एफ३ घो एफ६ ३. घो×ई५ घो सी६ ४. घो×सी६ डी×सी६. कुठल्याही इंजिनला विचारा, पांढरा स्पष्ट वरचढ. पण ५. डी३ उं सी५ नंतर पांढऱ्याला घोडा बांधून ठेवण्याचा मोह होतो: ६. उं जी५?? आणि घो×ई४! आता ७. उं×डी८ उं×एफ२+ ८. रा ई२ उं जी४ मात. आणि ७. डी×ई४ घेतलं तर उं×एफ२+ नंतर वजीर गेला. उंट जी५ ही काही अडाणी चाल नाही. रोज शिकवली जाणारी, सवयीची चाल आहे. इंजिनच्या यादीत ती खूप खाली असते म्हणून अभ्यास करणाऱ्याच्या नजरेला पडतच नाही. तुमच्या रेटिंगच्या खेळाडूंचे डाव गाळून बघता येतील असा डेटाबेस उघडा. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा पट्टा निवडता येतो. तुमच्या पट्ट्यात ज्या तीन चाली सर्वाधिक खेळल्या जातात, त्या तिन्हींची उत्तरं आधी तयार करा, मग इंजिनची पहिली पसंती बघा. माया नावाचं इंजिनही आहे, माणसांच्या डावांवर रेटिंगनिहाय शिकवलेलं. ११०० ते १९०० पर्यंतचे त्याचे अवतार त्या पातळीचा माणूस काय खेळेल हे सांगायचा प्रयत्न करतात. त्याच्याविरुद्ध तुमची लाइन वीस वेळा खेळून बघा. चुका कुठे होतात ते आपोआप उघडं पडेल.

आणि शेवटी पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशविरुद्धही खेळा, पण दोन्ही बाजूंनी. आधी काळ्याकडून: तुम्ही हराल, हरू द्या, कुठे हरलात ते लिहा. मग पट फिरवून पांढऱ्याकडून. समोरच्याच्या जागी बसल्यावर कळतं की त्यालाही भीती वाटतेय, त्याचाही राजा मध्येच अडकलाय. ही जाणीव पटावर फार कामाला येते.

पाठांतराबद्दल दोन शब्द. २०१० मध्ये सोफियात जगज्जेतेपदाच्या सामन्यातल्या पहिल्याच डावात आनंदने टोपालोवविरुद्ध ग्रुनफेल्ड बचाव खेळला. लाइन घरी तयार केलेली होती. पण तयारीतल्या चालींची आठवण गडबडली, तेविसाव्या चालीला राजा एफ७ वर गेला आणि टोपालोवने २४. घो×एफ६! खेळून डाव संपवला. आनंदसारख्या स्मरणशक्तीच्या माणसाच्या बाबतीत हे होतं. दोनच वर्षं आधी बॉनमध्ये याच आनंदने क्रामनिकविरुद्ध मेरान या ओपनिंगमध्ये १४... उं बी७ ही तयारी आणून काळ्या मोहऱ्यांनी दोन डाव जिंकले होते. तीच धारदार पद्धत, तोच खेळाडू. म्हणून एकुलत्या चालींना कारण जोडा. ‘ह ए७, कारण ई७ ला आधार आणि डी७ ची वाट’ हे वाक्य क्रम विसरल्यावरही हात धरून बाहेर काढतं. ज्या चालीचं कारण मला सांगता येत नाही ती मी मुलांच्या फाइलमध्ये राहू देत नाही; लाइनच बदलतो.

एक गोष्ट न विचारताही सांगतो. हे सगळं डावाच्या आधी किंवा नंतर. आंतरराष्ट्रीय कॉरस्पॉन्डन्स संघटनेच्या, आयसीसीएफच्या डावांत इंजिन चालतं. पण अनेक संकेतस्थळांवरच्या ‘दिवसाला एक चाल’ प्रकारात चालत नाही, तिथे फक्त पुस्तकं आणि डेटाबेस बघता येतात. नियम वाचून मगच चालू डावाची पोझिशन कुठे मांडा.

तुमच्यापुरतं आता काय करायचं? हरलेले तिन्ही डाव काढा. प्रत्येकात ‘इथून मला माहीत नव्हतं’ ती चाल शोधा आणि फक्त त्या पोझिशनवर एक संध्याकाळ घालवा, वीस मिनिटं इंजिनशिवाय धरून. विषारी प्यादं सोडायची गरज नाही, पण जोडीला ७... उं ई७ तयार ठेवा, म्हणजे ज्या दिवशी डोकं ताजं नसेल त्या दिवशी पाऊलवाटेवर जावं लागणार नाही. आणि तुमच्या प्रश्नात दोन चालींचा उल्लेखच नाही: स्पास्कीची ९. घो बी३, जी प्यादं गेलं तरी धोका न पत्करणारे खेळाडू हमखास निवडतात, आणि १०. ई५, जी या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात नव्याने गाजली आणि १०. एफ५ पेक्षाही जास्त तंतोतंत उत्तर मागते. एफ५ च्या विसाव्या चालीपुढे जाण्याआधी या दोघींना एकेक संध्याकाळ द्या. घो बी३ ला आधी.